लांबून दिसेल अशी तार

अन्याय झाला तो जव्हारच्या हनीफचाचा पत्रेवाल्यांवर. झाला तो यंदाच्या होळीच्या बाजाराला, मोखाड्यात, भर दुपारी, रोज्यामुळे चाचांच्या तोंडात पाण्याचा थेंब नसताना. मोबाइलच्या सामानाच्या एका टपरीवाल्याने त्यांच्या हातात इअरफोनचं बंद खोकं ठेवलं आणि सांगितलं, "सील तोडलं की माल तुमचा." म्हणजे आधी पैसे, मग आवाज. जो माणूस ठोकून बघितल्याशिवाय कलिंगडसुद्धा घेत नाही, त्याला न वाजवता वस्तू घ्यायला लावली. मी हे पत्रकात लिहिलं, सभेत बोलले, आणि आता इथे लिहिते आहे.

ठोकून म्हणजे खरोखर ठोकून. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर वस्तूवर मारायचं आणि लगेच डावा तळवा तिच्यावर सपाट ठेवायचा, ही चाचांची परीक्षा. कलिंगड, घमेलं, जीपचं बॉनेट, ग्रामपंचायतीने नुकतीच टाकलेली गटारावरची लादी, काहीही सुटत नाही. एकदा आमच्या संघटनेच्या सभेला आणलेला कर्णा त्यांनी ठोकला आणि "अंदरसे खाली है" म्हणाले. त्या वेळी माइकवर आमचे जिल्ह्याचे अध्यक्ष बोलत होते. शेरा कर्ण्यावर होता की अध्यक्षांवर, हे विचारायची हिंमत कुणाला झाली नाही. "दाखव, वाजव, मग बोल," हे चाचांचं वाक्य. पेटी घ्यायला आलेल्याला तेच ऐकवतात आणि मत मागायला आलेल्यालाही तेच.

चाचा पत्र्याचं काम करतात. पेट्या, धान्याच्या कोठ्या, पन्हळी. आमच्या जव्हार-मोखाड्यात आश्रमशाळेत जाणारं मूल पत्र्याच्या पेटीशिवाय जात नाही. मी माझ्या गावाहून, दाभोशाहून, गेले तीही चाचांच्या हातची पेटी डोक्यावर घेऊन. झाकणावर त्यांनी कमळ ठोकून काढलं होतं. मी "कमळ नको, वाघ काढा" असं बजावून सांगितलं होतं, तरी कमळच आलं. तेव्हा वाटलं, हा म्हातारा हट्टी आहे. साखरशेतची एक आत्या दरवर्षी नाचणीसाठी कोठी नेते. ती तर दुकानाच्या पायरीवर उभी राहून सगळ्या रस्त्याला सांगते, "ह्यो चाचा कुनाचं आयकंल तर शपथ! म्या सांगते बुटकी कर, त्यो करतो लांबडी."

ऐकायला चाचांना वेळच नसतो, कारण बोलत तेच असतात. दुकानात पाऊल टाकलं की सुरू. "आओ लीडर! कशी आहेस? मजेत ना? मजेतच असणार. आई? ती पण मजेत. जीप मिळाली? मिळाली असणार, नाहीतर आलीस कशी. चहा? नको, माहीत आहे, तू टपरीवरून पिऊन आलीस." प्रश्न त्यांचे, उत्तरंही त्यांची. आपण फक्त मान हलवायची. मी तासभर भाषण करणारी बाई आहे, पण चाचांच्या दुकानात मला एक वाक्य पूर्ण करता आलेलं नाही.

फोनवरही हीच तऱ्हा. फोन उचलला की स्वतःचं सगळं सांगायचं, मधूनमधून "हो हो, इन्शाल्ला" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. यावरून एक मोठा गोंधळ झाला, आणि इअरफोनचं सगळं प्रकरण तिथूनच निघालं.

चाचांची एकुलती मुलगी नजमा. चाची गेल्यावर चाचांनीच तिला वाढवलं, मालेगावला दिली. दिवाळीच्या सुमारास तिच्या सासूबाई वारल्या. तिने बापाला फोन केला आणि रडत सांगितलं. घर माणसांनी भरलेलं होतं. व्याह्यांचे दोन शब्द सगळ्यांना ऐकू यावेत म्हणून जावयाने फोन स्पीकरवर टाकला. इकडे चाचांची समजूत अशी की नजमाच्या नव्या घराचा स्लॅब टाकायचा राहिला होता, तो टाकून झाला. ते दुकानातून ओरडले, "वा वा! मुबारक हो! बऱ्याच दिवसांचं काम झालं एकदाचं! मिठाई वाटा!"

त्यानंतर नजमाचा फोन बंद झाला. जावयाचा तर झालाच. भिवंडीच्या पुतण्याने येऊन चाचांना घडलेलं सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "बाहेर जीपवाला हॉर्न मारत होता. आवाजात काय ऐकू येणार?" पुतण्याने नजमाचा निरोपही आणला होता. ईदच्या दिवशी ती फोन करणार होती. "पण अब्बांना म्हणावं, या वेळी नीट ऐकून बोला. नाहीतर मला या घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तेव्हापासून चाचांना एकच ध्यास. बाहेरचा आवाज मारणारा इअरफोन पाहिजे. ईदच्या आत पाहिजे.

आता गंमत बघा. हा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पत्रा बडवतो. जव्हारच्या त्या रस्त्यावर सगळ्यात मोठा आवाज कुणाचा, तर यांचाच. शेजारचा शिंपी म्हणाला, "चाचा, तुम्ही हातोडी खाली ठेवा, सगळ्या गल्लीचा आवाज आपोआप मरेल." चाचांनी त्याच्याकडे हसून बघितलं आणि "हो हो, इन्शाल्ला" म्हणाले.

चाचांच्या अटी होत्या. इअरफोन तारेचा पाहिजे. बिनतारी अजिबात नको, कारण पुतण्याच्या बिनतारी जोडीतला एक मणी काम चालू असताना कोठीत पडला होता आणि चाचांनी वरून कथलाचा डाग देऊन बूड पक्कं केलं होतं. ती कोठी साखरशेतला गेली. तो मणी आजही कुणाच्या तरी नाचणीत आहे. दुसरी अट, पिन चपटी पाहिजे, कारण त्यांच्या नव्या फोनला गोल भोकच नाही. तिसरी अट मला त्या वेळी खुळचट वाटली होती. तार लांबून दिसली पाहिजे.

मोखाड्याच्या होळीच्या बाजाराला चाचा दरवर्षी जातात. एकात एक बसवलेल्या पेट्या जीपच्या टपावर आणि चाचा ड्रायव्हरच्या शेजारी. वीटभट्टीवरून, ठाण्या-मुंबईच्या कामावरून माणसं होळीला घरी आलेली असतात, हातात चार पैसे असतात, पेट्या खपतात. त्या दिवशी मी पत्रकं वाटायला तिथेच होते, त्यामुळे पुढचं माझ्यासमोर घडलं. टपरीवर गाणं लावलेलं, समोर पिपाण्यांचा ढीग, त्या पिपाण्या पोरं वाजवून बघतायत.

"वायरवालं आहे?" चाचांनी विचारलं.

"चाचा, आता वायर कोण वापरतं? हे घ्या, ब्लूटूथ."

"तार. लाल असेल तर लाल दे. लांबून दिसली पाहिजे."

"लांबून कशाला दिसायला पाहिजे? बैल बांधायचाय का?"

"आवाज मारतं?"

"खोक्यावर लिहिलंय ना, नॉइज कॅन्सलिंग. आजूबाजूचा सगळा आवाज गायब."

"वाजव."

"सील तोडलं की माल तुमचा, चाचा. रूलच आहे."

"दाखव, वाजव, मग..."

"गर्दीच्या टायमाला बोहनी खराब नका करू! घ्यायचं तर घ्या, नाहीतर बाजूला व्हा."

चाचांनी खोकं ठोकलं. तळवा ठेवला. खोकं काय बोलणार? त्यांनी पैसे दिले. लाल तार निघाली, एवढीच काय ती जमेची बाजू. जव्हारला येईपर्यंत जीपमध्ये त्यांनी ती कानात घालून बघितली आणि उतरताना मला म्हणाले, "डुप्लिकेट. कुछ नहीं मरता."

माझं डोकं फिरलं. पुढच्या बाजाराला मी टपरीवर जाऊन उभी राहिले. टपरीवाला माझ्याच वयाचा, बोलायला तयार.

"ताई, खोक्यावर लिहिलंय ते खोटं नाही. नॉइज कॅन्सलिंग आहे, पण माइकला आहे. म्हणजे तुमच्या बाजूचा गोंगाट समोरच्याला जात नाही."

"म्हणजे चाचांच्या बाजूचा गोंगाट दुसऱ्याच्या कानातून गेला?"

"बरोबर."

"आणि चाचांच्या कानातला?"

"तो राहिला. त्याचा माल वेगळा येतो, महाग येतो. इथे कोण घेणार?"

"हे विकताना सांगितलंस?"

"ताई, विकताना कोण सांगतं?"

हे वाक्य मी जसंच्या तसं पत्रकावर छापलं. मथळा दिला, "डोंगरातल्या माणसाचे कान म्हणजे कचरापेटी नव्हे!" खाली मागणी केली. सील तोडून, वाजवून दाखवल्याशिवाय कानात घालायची वस्तू विकायची नाही. पहिली प्रत चाचांना नेऊन दिली. त्यांनी ती ठोकून बघितली आणि म्हणाले, "कागज बजता नहीं, लीडर." पण घडी करून खिशात ठेवली.

ईद जवळ आली होती. मी संघटनेच्या नाशिकच्या मैत्रिणीला खरा माल शोधायला लावला. चपट्या पिनचा, तारेचा, आणि कानातला आवाज खरोखर मारणारा. ती चार दुकानं फिरली. प्रत्येक ठिकाणी स्वतःच्या कानात घालून रस्त्याकडेला उभी राहिली आणि मग एक घेतला. या इअरफोनच्या मण्यात बारीक माइक असतो. तो बाहेरची घरघर पकडतो आणि तिच्या नेमका उलटा आवाज आत सोडतो, म्हणून घरघर मरते. हातोडीचा घाव मात्र पुरता मरत नाही, तो अचानक येतो. हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही उद्या माझ्या नावाने शंख कराल. तार पांढरी मिळाली. चाचांनी नाक मुरडलं, पण चालवून घेतली.

दुकानासमोर डिझेलची जीप चालू ठेवून ड्रायव्हर माणसं भरत होता. मी इअरफोन कानात घातला. जीप गेली! म्हणजे डोळ्यांसमोर थरथरत होती, पण तिचा आवाज नव्हता. मी आनंदाने चाचांच्या कानात मणी बसवले, फोनचा आवाज शेवटापर्यंत चढवला आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीमागे जाऊन त्यांना फोन लावला.

"चाचा, आता आला का आवाज?"

"आओ लीडर! मजेत? मजेतच असणार."

"चाचा, मी काय विचारते? दुकानात गिऱ्हाईक कोण आलंय?"

"हो हो. आई पण मजेत."

"चाचा, तुमच्या लुंगीला आग लागलीय."

"इन्शाल्ला, इन्शाल्ला!"

टपरीवर चहा पिणारे हसून हसून बेजार झाले. मीही हसले. रस्ता ओलांडून परत येईपर्यंत माझं हसू गेलं होतं.

चाचांनी मणी काढून ठेवले होते. "ये भी डुप्लिकेट," ते म्हणाले आणि हातोडी उचलून बोलत सुटले. नाशिकवाल्यांनी फसवलं, कंपन्या सगळ्या चोर, तू पुन्हा पत्रक काढ. मी पेट्यांच्या ढिगामागे, त्यांना दिसणार नाही अशी उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "चाचा, तुम्हाला ऐकूच येत नाही ना?"

ते कंपन्यांना शिव्या देत राहिले.

मी समोर आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हातोडी थांबली.

"बैठ," ते म्हणाले. मी एका पेटीवर बसले. चाचांनी दुकानाबाहेर दोन्हीकडे बघून घेतलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दिवस काय विचारतेस. पत्रा खातो कान. अब्बांचे पण खाल्ले." मग ते हळू बोलू लागले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "अब्बा याच जागेवर बसायचे. सगळ्या बाजाराला माहीत होतं, बुढ्ढा बहिरा आहे. लोक यायचे, माझ्याशी बोलायचे, जायचे. अब्बा विचारायचे, काय म्हणाला? मी म्हणायचो, कुछ नहीं. रोज विचारायचे. रोज मी सांगायचो, कुछ नहीं. मग त्यांनी विचारायचं सोडलं."

"म्हणून तुम्ही..."

"आवाज आहे म्हटलं की माणूस पुन्हा बोलतो, लीडर. ओरडून बोलतो, पण बोलतो. कान गेले म्हटलं की 'जाऊ दे' म्हणतो. आणि तार दिसली ना कानात, की लोकांना वाटतं गाणं ऐकतोय. मग समोर येतात, खांद्याला हात लावतात. समोर आले की तोंड दिसतं. तोंड दिसलं की माझं अर्धं काम होतं."

"आणि सारखं बोलत सुटता ते?"

"मी बोलत असलो की कुणी काही विचारत नाही."

   मी म्हटलं, दवाखान्यात कान तपासून घेऊ, मशीन मिळतं. चाचा म्हणाले, ईदनंतर. ईदपर्यंत कुणाला बोलायचं नाही. आणि नजमाला तर अजिबात नाही. "तिला वाटेल, आता अब्बाशी बोलून काय फायदा."

ईदच्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दुकान बंद होतं, पण ते घरी न थांबता नवी लुंगी नेसून दुकानातच बसले होते, कारण रेंज तिथे चांगली लागते. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली. फोन समोरच्या पेटीवर, तार जोडलेली, मणी कानात. आमची योजना अशी ठरली होती की ते फक्त "ईद मुबारक" म्हणणार आणि रेंज नाही असं सांगून लगेच ठेवून देणार. मला ती पसंत नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलंही होतं.

फोन वाजला. म्हणजे पेटीचा पत्रा थरथरला आणि चाचांनी तळव्याने ओळखलं.

"ईद मुबारक, बेटा!" ते ओरडले.

पलीकडून नजमा बोलू लागली. मला काही कळेना, कारण आवाज त्यांच्या कानात होता. चाचांचे ओठ "हो हो" म्हणायला उघडले. मी त्यांच्याकडे बघत होते. ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या कानातला मणी काढला आणि तारेसकट माझ्यापुढे धरला.

मी तो कानात घातला. तार आखूड होती, त्यामुळे मला त्यांच्याजवळ सरकावं लागलं. नजमा म्हणत होती, "अब्बा? ऐकू येतंय का? अब्बा, मी काय म्हणाले?"

मी मान वळवली, चाचांना माझं तोंड नीट दिसेल अशी, आणि सावकाश म्हटलं, "ती विचारते आहे, ऐकू येतंय का."

चाचांनी घसा साफ केला.

"नाही," ते म्हणाले. "बेटा, मला ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून. तुझी सासू गेली तेव्हाही आलं नव्हतं."

 पलीकडे नजमा रडू लागली. रडणं मला बोलून सांगता येईना, पण चाचांनी ते माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असावं. ती म्हणाली, "अब्बा, आधी का नाही सांगितलं?" मी ते चाचांना सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही येतो जव्हारला. हे पण येतील. त्यांना मी सांगते." मी तेही सांगितलं. चाचांनी मला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. आणि मग तिसऱ्यांदा. मला वाटतं, दुसऱ्या वेळेलाच त्यांना कळलं होतं.

आता माझी मागणी. टपरीवाल्याविरुद्धचं पत्रक मी मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. वस्तू वाजवून दाखवलीच पाहिजे. पण आजची मागणी त्याच्याकडे नाही, हे वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात, दुकानात, शेजारी एक माणूस "काय म्हणालास?" असं विचारतो आणि तुम्ही "काही नाही, जाऊ दे" म्हणता. त्याला काय ऐकू आलं नाही ते तुम्हाला माहीत असतं. तो विचारायचं सोडेल त्याची वाट बघू नका. आज त्याच्यासमोर जाऊन बसा, तोंडावरचा हात काढा आणि ते 'काही नाही' काय होतं, ते त्याला पूर्ण सांगा.